तेलाचा ताप, वाऱ्याची वाट
(हीरक महोत्सवी विज्ञान व्याख्यानमालेतील भाषण)



मोटारगाडीला पेट्रोल लागते, पाणी लागते आणि तेल लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. पेट्रोल जळते, पाणी इंजिन थंड ठेवते आणि तेल वंगणाचे काम करते, अशी कामाची वाटणी शालेय पुस्तकात दिलेली असते. ती बरोबर असली तरी अपुरी आहे. क्रँकशाफ्टची बेअरिंगे, पिस्टनची खालची बाजू, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा अशा ठिकाणी पाण्याची वाट पोहोचत नाही. तेथील उष्णता तेलालाच उचलून न्यावी लागते. रोजच्या रहदारीत हा भार बेताचा असतो. परंतु अधिक शक्तीसाठी इंजिनात बदल केले आणि गाडी शर्यतीच्या मार्गावर सलग वीस मिनिटे पूर्ण जोरात धावू लागली, म्हणजे पाण्याचा काटा जागेवर असतानाही तेलाचा काटा फेरीगणिक चढत जातो.

इंजिनातील तेल साधारणपणे ९० ते ११० अंश सेल्सिअस या पट्ट्यात सुखाने काम करते. १३० अंशांच्या पुढे ते दीर्घकाळ राहिले, तर पातळ होते आणि त्याचा कस लवकर जातो. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ असतो. तेवढ्या थरावर सारे इंजिन तरंगत असते. तो तुटला की धातूला धातू भिडतो आणि महिनोन्‌महिने खपून बांधलेले इंजिन काही क्षणांत निकामी होते. म्हणून अशा गाड्यांना ऑइल कूलर बसवतात. तो म्हणजे तेलाचा छोटा रेडिएटरच: ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या, त्यांमध्ये पातळ पत्र्याच्या पाकळ्या, आतून तेल आणि बाहेरून वारा. ही वस्तू दुकानात विकत मिळते. ती कोठे आणि कशी बसवावी, हे मात्र दुकानात मिळत नाही. आजचा विषय तोच आहे.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास जर्मनीतील पोर्श ९११ या गाडीचा आहे. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली. म्हणजे या शाळेप्रमाणेच तिनेही साठी गाठली आहे. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होते आणि त्याला पाण्याचा रेडिएटर नव्हता. पंख्याचा वारा आणि तेल या दोघांवरच त्याचा थंडावा अवलंबून होता. तेलाची टाकी वेगळी होती आणि इंजिनालाच जोडलेला एक कूलर पंख्याच्या वाऱ्यात बसवलेला होता. आरंभीच्या दोन लिटरच्या इंजिनाला तेवढे पुरले. पुढे शक्ती वाढत गेली आणि मागच्या बाजूच्या त्या कोंदट जागेत आणखी उष्णता टाकण्यास वाव उरला नाही. तेव्हा १९६९ च्या ९११ एस या प्रकारात अभियंत्यांनी दुसरा कूलर थेट गाडीच्या पुढच्या भागात, उजव्या मडगार्डच्या पोटात नेला. इंजिन मागे आणि कूलर पुढे. त्यासाठी गाडीच्या उजव्या कडेने लांबलचक तेलवाहिन्या टाकाव्या लागल्या. एवढा खटाटोप कशासाठी? गाडीला ताजा, न तापलेला वारा पुढेच मिळतो, म्हणून.

मडगार्डातील ही जागा सोयीची असली तरी निर्दोष नव्हती. तेथे वारा सरळ पोहोचत नाही, आणि चाक चिखल व खडे उडवते. काही वर्षे तेथे कूलरऐवजी नुसती वळवलेली नळी बसवली जाई. १९८४ च्या कॅरेरा गाडीत पाकळ्यांचा खरा कूलर आला आणि पुढे त्याला विजेच्या पंख्याचीही जोड मिळाली. शर्यतीच्या गाड्यांनी मात्र आधीच वेगळा मार्ग धरला होता. १९७३ च्या कॅरेरा आरएसआर गाडीच्या नाकाशी, बंपरच्या अगदी मध्यावर, मोठे तोंड ठेवून कूलर त्यामागे बसवलेला होता. जुन्या ९११ गाड्या हौसेने बदलणारे लोक आजही बहुधा हीच जागा निवडतात.

जागेची निवड केवळ वाऱ्यापुरती नसते, हेही याच गाडीने दाखवून दिले. वजनाचा तोल साधावा म्हणून १९७२ च्या गाडीत तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली गेली आणि तेल भरण्याचे झाकण दाराच्या मागे, गाडीच्या बाहेरच्या अंगाला आले. पंपावरील नोकर त्यालाच पेट्रोलचे झाकण समजत, असे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी टाकी पूर्वीच्या ठिकाणी गेली. यंत्राच्या दृष्टीने उत्तम असलेली जागा माणसाच्या दृष्टीने घातक ठरू शकते, हा त्यातला बोध.

आता वाऱ्याचे शास्त्र पाहू. घराला एकच खिडकी असेल तर वारा दाराशी येतो, पण घरात शिरत नाही. समोरच्या भिंतीत झरोका असला तरच झुळूक वाहते. कूलरचेही असेच असते. गाडीच्या नाकाशी हवेचा दाब जास्त असतो. कूलरच्या मागची हवा कमी दाबाच्या जागी मोकळी सुटली, तरच पाकळ्यांतून वारा वाहतो. मागे पत्र्याची भिंत असेल, तर कूलर वाऱ्यासमोर असूनही कोंडलेलाच राहतो. पुढचे तोंड सगळेच पाहतात. मागची वाट पाहणारा क्वचित आढळतो. बहुतेक फसलेल्या बांधणीचे मूळ येथेच सापडते.

दुसरी गोष्ट अशी की वारा आळशी असतो. सोपी वाट दिसली की तो पाकळ्यांतून जाण्याचे कष्ट घेत नाही, बाजूच्या फटीतून निसटतो. म्हणून तोंडापासून कूलरपर्यंत पत्र्याची किंवा फायबरची बंद वाहिनी करावी आणि कडांच्या फटी रबराने वा फोमने बुजवाव्यात. या वाहिनीचे तोंड कूलरएवढे मोठे लागत नाही. कूलरच्या दर्शनी क्षेत्रफळाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढे तोंड ठेवून वाहिनी हळूहळू रुंदावत नेली, तर वाऱ्याचा वेग कमी होतो, दाब वाढतो आणि कूलरच्या कोपऱ्याकोपऱ्यातून हवा सारखी जाते. उघड्यावर टांगलेल्या मोठ्या कूलरपेक्षा नीट वाहिनी केलेला मध्यम कूलर अधिक काम देतो, तो यामुळेच.

ज्या गाड्यांत पाण्याचा रेडिएटर पुढे असतो, तेथे आणखी एक पेच पडतो. ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढे लावला, तर त्यातून तापून निघालेली हवा रेडिएटरला मिळते. तेल थंड होते आणि पाणी तापते. एकाचा ताप दुसऱ्याच्या गळ्यात बांधल्यासारखेच हे झाले. शक्यतो दोघांना वेगवेगळा वारा द्यावा. ते जमत नसेल तर निदान दोन्ही काटे पाहूनच निर्णय घ्यावा.

येथे शाळेतल्या वजाबाकीचाही उपयोग होतो. उष्णता किती जाईल, हे तेल आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. तेल ११० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल, तर फरक ९० चा. हवा ४० अंशांवर असेल, तर तो ७० चाच उरतो. म्हणजे युरोपातील वसंतात पुरेसा ठरलेला कूलर भारतातील मे महिन्यात तितक्याच वाऱ्यात सुमारे एकपंचमांश कमी उष्णता टाकेल. परदेशी गाडीवरची मापे जशीच्या तशी उचलणाऱ्यांनी एवढे गणित अवश्य करावे.

जागा ठरल्यावर बसवण्याचे काम येते आणि त्यात धीर लागतो. कूलर चौकटीला करकचून आवळू नये. रस्त्याचे हादरे आणि चौकटीचा पीळ सोसून ॲल्युमिनियमचे सांधे तडकतात. मध्ये रबरी बुशा द्याव्यात. तेल येण्याजाण्याची तोंडे वर किंवा बाजूला ठेवावीत. ती खाली ठेवल्यास वरच्या भागात हवा अडकून राहू शकते. पुढे खडे अडवणारी जाळी असावी. कूलर आणि त्याच्या नळ्या गाडीच्या सर्वांत खालच्या भागाहून खाली लोंबू नयेत, नाहीतर पहिलाच गतिरोधक सारे तेल रस्त्यावर सांडील. नळ्या तापलेल्या एक्झॉस्टपासून आणि फिरत्या चाकापासून दूर न्याव्यात. पोलादी विणीच्या नळ्या दिसायला मजबूत असतात, पण सुटी विण कानशीसारखी असते. ती पत्रा आणि वायर दोन्ही कापते. म्हणून ठरावीक अंतरावर रबराचे अस्तर असलेल्या पकडी लावाव्यात. नळीला काटकोनी वळणे जितकी कमी, तितका तेलाचा दाब सुरक्षित. येथे फुटलेली नळी म्हणजे केवळ नुकसान नव्हे. गरम एक्झॉस्टवर तेल पडले तर आग लागते, आणि मागच्या चाकाखाली आले तर गाडी हाताबाहेर जाते. अशा वेळी चालकाबरोबर त्याच्या मागून येणाऱ्याचाही जीव पणाला लागलेला असतो.

अति थंडही बरे नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तेल पुरेसे तापले नाही तर त्यात मिसळलेले पाण्याचे आणि पेट्रोलचे अंश उडून जात नाहीत. थंड, घट्ट तेल अरुंद कूलरमधून ढकलताना दाबही भलताच वाढतो. म्हणून कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट असावा. सुमारे ८० अंशांपर्यंत तो तेलाला जवळच्या वाटेने परत पाठवतो आणि त्यानंतर कूलरची वाट उघडतो. चुलीवरचा जाळ पुढेमागे करण्याचेच हे काम. जाळ नुसता काढून घेतला, तर भात कच्चा राहतो.

काम पुरे झाल्यावर इंजिन एकदम सुरू करू नये. ठिणगी बंद ठेवून इंजिन स्टार्टरने फिरवावे, तेलाचा दाब दिसू लागला की मगच सुरू करावे, प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहावा आणि तेलाची पातळी पुन्हा मोजावी. कूलर व नळ्या यांत बरेच तेल मावते आणि तेवढे इंजिनात कमी पडते. आणखी एक इशारा अनुभवी मेकॅनिक नेहमी देतात. एखादे इंजिन बेअरिंग फुटून निकामी झाले असेल, तर जुना कूलर नव्या इंजिनाला लावू नये. धातूचे बारीक कण त्याच्या पाकळ्यांमागील नळ्यांत दडून राहतात, कितीही धुतले तरी सारे निघतीलच असे नाही, आणि नव्या इंजिनाच्या पहिल्याच फेरीत ते बेअरिंगात जाऊन बसतात. हजार-दोन हजार वाचवण्याच्या नादात दुसरे इंजिनही गमवावे लागते.

मात्र या सर्वांच्या आधी एक पायरी आहे आणि नेमकी तीच गाळली जाते: मोजणे. कूलर घेण्यापूर्वी तेलाच्या तापमानाचा काटा बसवावा, गाडी तिच्या खऱ्या कामावर चालवावी आणि आकडे वहीत लिहावेत. तेल ११० च्या पुढे जातच नसेल, तर कूलर हा निव्वळ दागिना ठरतो. वर चार नवे सांधे म्हणजे गळतीच्या चार नव्या जागा. काटा चढत असेल, तर कूलर बसवल्यावर त्याच मार्गावर, तशाच हवेत पुन्हा मोजावे. दोन आकड्यांमधला फरक हेच कामाचे प्रमाणपत्र.

हे कौशल्य केवळ परदेशातील हौशी लोकांचे राहिलेले नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर वर्षानुवर्षे शर्यती होत आहेत. इंदूरजवळच्या पीथमपूरला अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या बाहा स्पर्धेत उतरवत आले आहेत. फॉर्म्युला भारत या स्पर्धेतही महाविद्यालयांचे संघ स्वतःच्या हातांनी बांधलेली गाडी घेऊन येतात. अशा कामाची खरी जागा हीच, बंदिस्त मार्ग. सार्वजनिक रस्त्यावरील गाडीत मनमानी फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत. नोंदणीपत्रातील मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करण्यापूर्वी तो नियम वाचणे, हाही मोजमापाचाच भाग समजावा.

पालकांनी एवढेच ध्यानात ठेवावे. मुलगा किंवा मुलगी हात काळे करून गॅरेजमधून घरी आली, तर "अभ्यास सोडून हे काय उद्योग" असे म्हणण्याआधी "काटा किती दाखवत होता?" असे विचारून पाहावे. उत्तरात आकडा आला, तर तेथे पदार्थविज्ञान, गणित आणि जबाबदारी या तिन्ही विषयांचा अभ्यास चालू आहे असे खुशाल मानावे. आकडा आला नाही, तर मात्र वही घेऊन परत पाठवावे. कूलर किती मोठा घ्यावा, हे दुकानदार सांगू शकतो. तो कोठे, कसा आणि कशासाठी बसवावा, हे ज्याच्या हाती पाना आहे त्यानेच ठरवायचे असते, आणि ते चुकल्यास भोगणाराही तोच असतो.