सोनं गिळणारा कोळसा



भरवेलीचं मँगनीज आणि मलाजखंडचं तांबं, यांविषयी बालाघाटकरांना मी काय सांगणार? मी सोन्याचं बोलतो. तेही तुमच्याकडे आहेच. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात सोनझारा समाजाची नोंद सापडते. बालाघाट, मंडला, चांदा भागांत नदीची वाळू धुऊन सोनं काढणारी ही माणसं. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीचपट. पात्र फिरवलं की वाळू वाहून जाते, कण तळाशी बसतो.

पण खडकातलं सोनं डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक असलं, तर पात्राचं काही चालत नाही. त्यावर १८८७ साली ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी तोड काढली. दळलेल्या खडकात पातळ सायनाइड आणि हवा सोडली की सोनं विरघळतं. सोबत चुना मात्र हवाच, नाहीतर विषारी वायू सुटतो.

काही खनिजांत मात्र भलतंच घडतं. सोनं विरघळतं आणि टाकीतल्या टाकीत गडप होतं. खडकातलाच कार्बन ते स्वतःवर चिकटवून घेतो आणि चोथ्याबरोबर निघून जातो. अमेरिकेत नेवाडातल्या कार्लिनची खनिजं यासाठी प्रसिद्ध आहेत.

खनिज भाजून हा कार्बन जाळता येतो. पण गंधक आणि आर्सेनिकही धुरात उतरतात आणि तो धूर अडवणं महागात पडतं. मला आवडतो तो दुसरा उपाय. चोरावर मोर! सोनं विरघळत असतानाच टाकीत नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा टाकायचा. हा खडकातल्या कार्बनपेक्षा अधाशी, सोनं आधी तोच पकडतो. दाणे जाड, म्हणून चाळणीत वर राहतात. गरम अल्कली द्रावणाने सोनं उतरवलं की तोच कोळसा पुन्हा कामाला.

आणि खडकातला कार्बन त्यालाही पुरून उरला तर? नेवाडातल्याच गोल्डस्ट्राइक खाणीने २०१४ मध्ये अशा खनिजासाठी सायनाइडऐवजी कॅल्शियम थायोसल्फेट घेतलं. त्यात विरघळलेलं सोनं कार्बनला धरवत नाही, ते रेझिनवर गोळा करत. आयोडीनच्या टायट्रेशनला तुम्ही ब्युरेटमध्ये जे भरता, जुने फोटोवाले ज्याला हायपो म्हणत, त्याचाच हा सख्खा भाऊ.

विंगेतून माझ्यानंतरच्या नाटकवाल्यांच्या खुणा सुरू झाल्या आहेत. आर्सेनिकचं पुढे काय करतात, हे ज्यांना विचारायचं असेल त्यांनी नाटकानंतर चहाला भेटावं.