हिमात कोंडलेली हवा

अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडणारे हिम वितळत नाही. थरावर थर चढतात, भाराने बर्फ होतो आणि मधली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. १९६५ साली क्लोद लोरियूस या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिथला बर्फ व्हिस्कीत टाकला (विज्ञानाला मुहूर्त लागत नाही!) आणि फुटणारे बुडबुडे पाहून त्याला सुचले, ही तर पुरातन हवा! पुढे दहा युरोपीय राष्ट्रांनी मिळून ‘डोम सी’ येथे २००४ पर्यंत सुमारे ३,२७० मीटर खोलीपर्यंतचा बर्फ वर काढला. हा तर्क नव्हे, प्रत्यक्ष हवेची साक्ष आहे. त्या आठ लक्ष वर्षांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३०० च्या वर कधीच गेले नाही. आज ते ४२० च्या पुढे आहे.