टॉमस सायमन : नाण्याच्या कडेवरचा अर्ज



ठसा म्हणजे काय, हे आपल्या सोनारमंडळींना सांगावयास नको. पोलादावर आकृती उलटी व खोलगट कोरावी, तेव्हा कोठे ती नाण्यावर सुलटी व उठावाची उमटते. या विद्येतील एक थोर इंग्रज कारागीर टॉमस सायमन याची हकीकत आज सांगतो.

१६४५ साली तो लंडनच्या टांकसाळीत मुख्य ठसे कोरणाऱ्यांपैकी एक झाला. पुढे राजा गेला, प्रजासत्ताक आले, तरी त्याचे हत्यार थांबले नाही. १६५० च्या डनबारच्या विजयाचे पदक पाडण्यासाठी तो क्रॉमवेलचा चेहरा टिपावयास स्कॉटलंडात एडिंबरोला गेला. पदकावर आपली छबी नको, असे क्रॉमवेलने कळविले. तरीही ती घातली गेलीच.

१६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला. त्याच्या राज्याभिषेकाचे पदकही सायमननेच केले. परंतु १६६२ साली यंत्राने पाडावयाच्या नव्या नाण्यांसाठी अँटवर्पच्या जॉन रोटियरचे ठसे पसंत झाले. सायमनने आपल्या हत्यारानेच दाद मागितली. १६६३ साली त्याने एक क्राउन नाणे केले आणि त्याच्या कडेवर, चांदीच्या त्या अरुंद पट्टीवर, दोन ओळींत राजाला अर्ज उमटविला : हे काम त्या परदेशी कारागिराच्या कामाशी ताडून पाहावे, सरस ठरल्यास मला आधार द्यावा. माझ्या मते राजाच्या मुखवट्याहून ही कडच अधिक अवघड!

जागा रोटियरकडेच राहिली. १६६५ साली, लंडनात प्लेगने थैमान घातले त्याच वर्षी, सायमन वारला.