सत्तरीतलं घर



आपल्या परभणी जिल्ह्यात नोकरदार माणूस प्लॉट घेतो पस्तिशी-चाळिशीत, आणि घर बांधतो ते पुष्कळदा अठ्ठावन्नाव्या वर्षी. ग्रॅच्युइटी हातात पडते, भविष्य निर्वाह निधीची रक्कम येते, आणि उभी हयात भाड्याच्या खोल्यांत काढलेलं कुटुंब स्वतःच्या घराचा नकाशा काढायला बसतं. मग थोरल्याची खोली, धाकट्याची खोली, लेक-जावई आले तर त्यांची खोली, वर गच्ची, खाली गाडी. मुलं असतात पुण्याला, हैदराबादला, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. दिवाळीला चार दिवस येतात. बाकी वर्षभर त्या घरात दोनच माणसं राहतात, आणि ती दोघं सत्तरीला, ऐंशीला पोचतील तेव्हा या घरात कशी वावरतील, हे नकाशात कुठंच नसतं. आज मला तेवढ्याच गोष्टीवर बोलायचं आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दर शंभर माणसांमागे जवळपास दहा माणसं साठीच्या पुढची होती. आता ती त्याहून जास्त आहेत. आणि म्हातारपणी माणूस घरातून उठतो तो बऱ्याच वेळा एका पडण्यानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडणं हे जगात दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे, आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया होते, हाड जुळतंही. पण परत आल्यावर तेच घर, तोच जिना, तीच न्हाणी. मग मुलगा म्हणतो, चला पुण्याला. आणि चाळीस वर्षांची ओळखपाळख, दूधवाला, डॉक्टर, देऊळ सगळं सोडून माणूस सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत जाऊन बसतो. हे टाळता येतं, आणि त्याची सुरुवात नकाशात करावी लागते.

पहिला प्रश्न, राहायचं खाली की वर? आपल्याकडं एक रीत पडली आहे, खाली भाडेकरू आणि वर मालक. वर वारा लागतो, धूळ कमी, चोराचिलटाचं भय कमी, अशी कारणं सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी वीस पायऱ्या म्हणजे काहीच नाही. पण गुडघे धरू लागले की खाली येणं आधी दिवसातून एकदा होतं, मग आठवड्यातून, आणि शेवटी फक्त दवाखान्यासाठी. मी आग्रहानं सांगतो, खालचा मजला स्वतःला ठेवा. भाडेकरू वर द्या, त्याचा जिना बाहेरून काढा. भाडं तेवढंच येईल. शिवाय वरच्या मजल्याच्या डोक्यावर उघडा स्लॅब असतो. तुमच्या डोक्यावर नसेल. या मुद्द्याकडं मी परत येणार आहे.

प्लॉट वीस बाय तीसचा असेल आणि खाली गाडीशिवाय काही बसत नसेल, तर निदान एक खाट मावेल एवढी खोली आणि तिला लागून संडास-न्हाणी खाली काढा. आज ती सामानाची खोली म्हणून वापरा. जिना चढणं बंद होईल त्या दिवशी ती तुमचं घर होईल.

आता जोतं. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी घरात शिरू नये म्हणून आपण जोतं दोन-दोन, तीन-तीन फूट उचलतो. ते बरोबरच आहे. पण मग दारात चार-पाच पायऱ्या येतात, आणि मोटारसायकल चढवायला एक खडा उतार केला जातो. तो उतार माणसाच्या कामाचा नाही. चाकाची खुर्ची किंवा वॉकर चालायचा असेल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हे देशभरात मान्य असलेलं माप आहे. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट. समोर एवढी जागा कुठून आणणार? तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर ती बाजूच्या मार्जिनमध्ये निघते, भिंतीच्या कडेनं. मात्र ते नकाशा काढतानाच ठरवावं लागतं, नाहीतर त्याच मार्जिनमध्ये हौद आणि शोषखड्डा जाऊन बसतो.

आणखी एक. पायऱ्या आणि उतार बहुतेक वेळा घर पूर्ण झाल्यावर, शेवटी, नुसत्या भरावावर ओतले जातात. दोन पावसाळ्यांत खालची काळी माती हलते, पायरी जोत्यापासून सुटते, एक कडा इंचभर वर येते. तिथंच अंगठा अडकतो. म्हणून गवंड्याला सांगा, की पायऱ्या आणि उताराखालची काळी माती काढून मुरूम भर, पाणी मारून धुम्मस कर, आणि हे काम पायाच्या कामाबरोबरच उरक. पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको, पाऊल ठेवायला बारा इंच हवेत. फरशी बसली की पहिली आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा इंच-दीड इंच कमीजास्त होते. ती आधी हिशेबात धरा. पाय सवयीनं पडतो, मोजून पडत नाही. आणि कठडा दोन्ही बाजूंना घ्या, कारण अर्धांगवायूचा झटका कुठल्या बाजूला येईल हे कोणाला सांगता येत नाही.

आता मी नकाशातल्या ज्या भागाला सर्वांत जास्त महत्त्व देतो तिकडं येतो, तो म्हणजे खाटेपासून संडासापर्यंतची वाट. वय वाढलं की रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं. झोप डोळ्यांवर असते, चष्मा उशाला असतो, वीज असेलच असं नाही. ही वाट दहा-बारा पावलांची असावी, सरळ असावी, तिच्यात उंबरा नसावा आणि तिच्या कडेनं हात टेकायला भिंत असावी. ज्या नकाशात झोपायच्या खोलीतून उठून बैठक ओलांडून, स्वयंपाकघराला वळसा घालून जिन्याखालच्या संडासात जावं लागतं, तो नकाशा परत करा. जिन्याखालचा संडास म्हणजे वाकून शिरा आणि वाकून निघा. म्हाताऱ्या माणसासाठी त्याहून वाईट जागा घरात नाही.

दोन चिमुकल्या न्हाण्यांपेक्षा एक ऐसपैस बरी, पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब. आत स्टूलवर बसून आंघोळ करता आली पाहिजे आणि आंघोळ घालणाऱ्याला शेजारी उभं राहता आलं पाहिजे. दार तीन फुटी. आपल्याकडं न्हाणीला अडीच फुटी चौकट लावायची सवय आहे. त्यातून चाकाची खुर्ची जात नाही. आणि दार बाहेर उघडणारं हवं. माणूस आत पडला आणि दाराला आडवा झाला, तर आत उघडणारं दार कोणालाच उघडता येत नाही, आणि कडी आतून असेल तर दार फोडेपर्यंत वेळ जातो. कडी अशी लावा की बाहेरूनही फिरवता येईल.

कमोडची बैठक जमिनीपासून अठरा इंचांवर. शेजारच्या भिंतीला धरून उठायला दांडा, आणि तो जिथं येणार तिथं भिंतीत काँक्रीटचा पट्टा आधीच भरून घ्या. टॉवेलच्या नळीवर माणसाचं वजन पेलत नाही. फरशी चकचकीत नको. आपल्या मराठवाड्यात शहाबादी फरशी पिढ्यान् पिढ्या चालत आली, तिची खडबडीत बाजू ओल्या पायाला धरते. आज दुकानात खरबरीत टाइल्सही मिळतात. पैसे वाचवायचे तर बैठकीच्या टाइल्समध्ये वाचवा, इथं नको. इन्व्हर्टरची पहिली तार या वाटेच्या आणि न्हाणीच्या दिव्याला द्या, टीव्हीला नंतर. गरम पाण्याचा नळ न्हाणीतच आणा, स्वयंपाकघरातून उकळती बादली उचलून नेणं बंद व्हायला हवं. आणि गच्चीवरची टाकी भरली की नाही हे पाहायला सत्तरीतला माणूस जिना चढतो, ते थांबवायला मोटार आपोआप बंद करणारं बटण मिळतं. आपल्याकडं नळाचं पाणी रोज येत नाही, त्यामुळं ही चढउतार खरोखरीची आहे.

मघाशी उघड्या स्लॅबचं म्हटलं होतं. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खाली सोडतो. म्हाताऱ्या शरीराला ती सोसत नाही. घाम कमी येतो, तहान कमी लागते, आणि उष्माघात घरात बसल्याजागी होतो. त्यात घरच्या मोठ्या माणसांची खोली नैर्ऋत्येला, असं वास्तुशास्त्र सांगतं. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण नैर्ऋत्येची खोली म्हणजे दुपारपासून मावळतीपर्यंत पश्चिमेच्या भिंतीवर ऊन, हेही तितकंच खरं. खोली तिथंच हवी असेल तर पश्चिमेला पडवी काढा, लिंबाचं झाड लावा, भिंत जाड ठेवा. नसेल तर खोली पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या; पूर्वेला घेतली तर थंडीत सकाळचं कोवळं ऊनही मिळेल. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच-सहा अंशांच्या खाली गेल्याची बातमी आपण हिवाळ्यात ऐकतोच. गच्चीला दर उन्हाळ्यात पांढरा चुना द्या. अहमदाबाद शहरानं २०१३ मध्ये उष्म्याशी लढायची योजना आखली, त्या शहरात पुढं गरिबांच्या वस्तीतली छपरं पांढरी करण्याचं काम झालं ते याच कारणानं.

आपल्या आजोबांच्या माळवदाच्या घरात ही धग नव्हती. जाड भिंती, लाकडी तुळया, वर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तीच दगडमातीची जड घरं माणसांवर कोसळली, आणि त्यानंतर मराठवाड्यानं माळवदाकडं पाठ फिरवली. ती फिरवायलाच हवी होती. शिवाय त्या घरात अंधार होता, उंबरे उंच होते. पण माळवदाबरोबर एक गोष्ट विनाकारण गेली. ढाळजेत किंवा ओसरीवर म्हाताऱ्या माणसाची एक जागा असायची. तिथं बसून रस्ता दिसायचा, जाणारा-येणारा रामराम घालायचा, आणि एखाद्या दिवशी ती जागा रिकामी दिसली की कोणीतरी आत येऊन विचारायचा. आजच्या घरांना सहा फुटी कंपाउंड आणि लोखंडी पत्र्याचं फाटक असतं. दोन म्हातारी माणसं त्यामागं दिसेनाशी होतात. म्हणून मी नकाशात ओटा मागतो. पूर्वेला किंवा उत्तरेला, छपराखाली, टेकायला पाठ असलेला, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीचा, आणि फाटकाच्या जाळीतून रस्ता दिसेल असा. घरात धरायला दांडे कितीही लावले तरी ओट्याची जागा ते भरून काढत नाहीत.

हे सगळं पैसेवाल्यांसाठी आहे असं कोणी समजू नये. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. तेवढ्यातही दार तीन फुटी ठेवता येतं, उंबरा जमिनीबरोबर करता येतो. मला काळजी वाटते ती अंगणातल्या संडासाची. दोन शोषखड्ड्यांना उतार मिळावा म्हणून तो उंचावर बांधलेला असतो, दोन-तीन उंच पायऱ्या, कठडा नाही, आत उकिडवं बसायचं, आणि पावसाळ्यात तिथवर चिखल. गुडघे गेलेली आजी त्याचा वापर सोडते आणि कमी पाणी पिऊ लागते. संडास घराच्या भिंतीला लागून घ्या, पायऱ्या कमी उंचीच्या करा, धरायला पाइप रोवा, वाटेवर फरशी टाका. वर बसायला कमोडची खुर्ची मिळते. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात विचारपूस करा.

फ्लॅट घेणार असाल तर लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका; वीज गेल्यावर ती चालते का, आणि लिफ्टपर्यंत पोचायला रस्त्यावरून किती पायऱ्या आहेत, हे स्वतः जाऊन पाहा.

अमेरिकेत रोनाल्ड मेस नावाचे वास्तुरचनाकार होते. लहानपणी पोलिओ झालेला, आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. त्यांचं म्हणणं असं की अपंगांसाठी वेगळी घरं बांधू नका, प्रत्येक घरच असं बांधा की त्यात कोणालाही वावरता यावं. मला ते पटतं. रुंद दार बाळंतिणीला, गुडघ्याला प्लास्टर असलेल्या तरुणाला आणि धान्याचं पोतं आत नेणाऱ्यालाही लागतं.

शेवटी एक काम सांगतो, त्याला खर्च नाही. पाया खणण्याआधी गवंडी जमिनीवर फक्की मारतो, भिंतींच्या रेषा आखतो. त्या दिवशी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिथं घेऊन जा. झोपायच्या खोलीच्या चौकटीत खाट टाका, त्यांना बसवा, आणि त्यांच्या चालीनं संडासापर्यंत, देवघरापर्यंत, ओट्यापर्यंत चालायला लावा. वॉकर असेल तर वॉकर घेऊन. जिथं त्यांना वळायला अडचण होईल, जिथं हात टेकायला काही नसेल, तिथली फक्की पुसायला लावा आणि गवंड्याकडून पुन्हा मारून घ्या.