पेन्शन नाकारल्याचं पत्र आलंय? आधी तारीख बघा

मी अजिंठ्याहून बोलतोय. आजचा विषय माजी सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनचा आहे. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे. घरात फौजी आजोबा, काका किंवा मामा असतील, तर नकाराचं इंग्रजी पत्र वाचून दाखवायचं काम तुमच्याकडेच येतं.

आधी थोडक्यात समजून घेऊ. नोकरीत असताना आजार किंवा इजा झाली, ती सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे वाढली, आणि अपंगत्व 20 टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं, तर अपंगत्व पेन्शनचा दावा करता येतो. पण बऱ्याचदा मेडिकल बोर्ड लिहितं की, आजार सेवेमुळे झाला नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही. मग दावा फेटाळल्याचं पत्र येतं. माणूस ते घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवतो. "पुढच्या वेळी शहरात गेलो की बघू." अजिंठ्याहून जिल्ह्याचं ठिकाण शंभरेक किलोमीटर, मुंबई तर आणखी लांब. या 'बघू'मध्येच मुदत निघून जाते.

मुदतीचा हिशोब सोपा आहे. पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं. तेही फेटाळलं, तर दुसरं अपील, त्यालाही सहा महिने. तिथेही नकार आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. 2007 च्या कायद्यानुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करावा लागतो. अपील केलं आणि सहा महिने उत्तरच आलं नाही, तरीही न्यायाधिकरणाचं दार उघडतं. म्हणजे उत्तराची वाट बघत वर्षानुवर्षं बसायची गरज नाही.

इथे एक गैरसमज फार आहे. लोकांना वाटतं, दर वर्षी एक विनंतीपत्र टाकलं की मुदत जिवंत राहते. तसं नाही. पुन्हा पुन्हा अर्ज केल्यानं मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच, एस. एस. राठोड यांच्या प्रकरणात सांगितलंय.

मग मुदत गेली म्हणजे सगळं संपलं का? नाही. उशिराचं योग्य कारण दिलं, तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. शिवाय पेन्शन दर महिन्याला द्यायची असते, त्यामुळे ती नाकारणं हा चालूच राहणारा अन्याय मानला जातो. पण उशिराची किंमत मोजावी लागते. तरसेम सिंग यांचं प्रकरण बघा. 1983 मध्ये ते वैद्यकीय कारणानं लष्करातून बाहेर पडले आणि 1999 मध्ये उच्च न्यायालयात गेले. पेन्शनचा हक्क मान्य झाला. मात्र 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोळा वर्षांची थकबाकी देण्याचा आदेश रद्द केला आणि ती दाव्याआधीच्या 38 महिन्यांपुरती ठेवली. एरवी अशा प्रकरणांत तीन वर्षांची मर्यादा धरतात.

आता आकडा मांडून बघा. महिन्याला 5,000 रुपये धरले आणि तेरा वर्षांची थकबाकी बुडाली, तर 7,80,000 रुपये गेले. हक्क असूनही गेले!

म्हणून आज घरी गेलात की चार कामं करा. एक, पेटीतली सगळी पत्रं बाहेर काढून मोबाइलवर स्पष्ट फोटो घ्या, पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यासकट. दोन, पत्रावरची तारीख बघा आणि तिथून सहा महिने मोजा. पत्र हातात कधी पडलं ते वेगळं लिहून ठेवा, उशीर झाला तर तेच कारण म्हणून कामाला येईल. तीन, कॅलेंडरमध्ये पाचव्या महिन्याचाच अलार्म लावा. चार, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि अपील कसं करायचं ते विचारा. अपील दिलं की पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

आणि मुदत आधीच गेली असेल, तरी लाजून घरी बसू नका. जितका उशीर कराल, तितके मागचे महिने हातातून सुटत जातील.

हा भाग तुमच्या गावातल्या एका तरी फौजी घरापर्यंत पोहोचवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!