स्मृती हरपलेल्या वडीलधाऱ्यांची शस्त्रक्रिया : निर्णयाचा विवेक



घरातील ऐंशी वर्षांच्या आजींना स्मृतिभ्रंश आहे आणि तपासणीत कर्करोगाची गाठ आढळली, असा प्रसंग आज कोणत्याही कुटुंबावर येऊ शकतो. कोनच्या रहिवाशांना उपचारासाठी फार दूर जावे लागत नाही. १९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाचे केंद्र आता खारघरलाही आहे. परंतु रुग्णालय जवळ आले म्हणून निर्णय सोपा होत नाही. ‘शस्त्रक्रिया करावी की नाही’ याआधी विचारावयाचा प्रश्न असा : तिने आजींचे उरलेले दिवस कसे होतील?

केवळ वय निर्णायक नसते. आरंभीच्या अवस्थेतील, हिंडत्याफिरत्या, माणसे ओळखणाऱ्या व्यक्तीस शस्त्रक्रियेचा निश्चित लाभ होऊ शकतो. आतड्याला अडथळा किंवा सततचा रक्तस्राव असेल, तर वेदनामुक्तीसाठीही ती आवश्यक ठरते. मात्र वाचा थांबली, गिळणे कठीण झाले, तेथे स्मृतिभ्रंशानेच आयुष्य मर्यादित केलेले असते. सावकाश वाढणारी गाठ त्रास देण्याची वेळ कदाचित येणारही नाही.

शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना अनेकदा भ्रम होतो. स्मृतिभ्रंशात हा धोका अधिक. अनोळखी खोली, नाकातील नळी, हाताची सुई यांचा अर्थ न कळल्याने रुग्ण त्या उपसून टाकतो. काहींची पूर्वीची समज नंतर पूर्णपणे परत येत नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : घरी परतल्यावर आजी स्वतः चालतील का, जेवतील का? सौम्य पर्याय आहे का? स्तनाच्या काही कर्करोगांत केवळ गोळ्यांनीही रोग काही काळ आटोक्यात राहतो.

अनेकान्ताची शिकवण येथे उपयोगी पडते. शल्यविशारदास गाठ दिसते, भूलतज्ज्ञास हृदय दिसते, परगावच्या मुलास आईचे जुने रूप दिसते. रात्री चारदा उठणाऱ्या सुनेस काय दिसते, हे मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. तिचे मत प्रथम ऐकावे. ‘पैशासाठी हयगय केली’ असे लोक म्हणतील, या भयाने केलेली शस्त्रक्रिया ही सेवा नव्हे.

शस्त्रक्रिया न करणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. वेदनाशमन, जखमेची निगा, मायेचा स्पर्श हे उपचारच आहेत. मुंबईत १९८६ पासून शांती आवेदना सदन हेच कार्य करीत आले आहे. या निर्णयास संलेखनेचे नावही देऊ नये. ते व्रत जागृत मनाने स्वतः घ्यावयाचे असते. दुसऱ्याच्या वतीने ते घेता येत नाही.

कुटुंबाने स्वतःच्या इच्छेऐवजी आजींची इच्छा शोधावी. त्या बोलत्या असताना इतरांच्या आजारपणात काय म्हणत, हे आठवावे. आज काय सुखावते, काय भिववते, हे पाहावे. ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांनी आपले मनोगत आताच घरात सांगावे. असाध्य आजारातील उपचारांविषयीच्या पूर्वेच्छापत्रास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली. २०२३ साली त्याची पद्धत सुलभ झाली. दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते.

असे चार शब्द आज लिहिले गेले, तर उद्या मुलांच्या मनावरचा मोठा भार हलका होईल.

जय जिनेंद्र!