दुसऱ्या हृदयाची प्रतीक्षा

श्रोतेहो, मी राहतो त्या भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशी भट्टी वर्षानुवर्षे अहोरात्र धगधगते. तथापि आतील विटांचे अस्तर झिजले, म्हणजे ती थंड करून नवे अस्तर चढविता येते. मनुष्याच्या हृदयाला ही सवड नाही. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावणारा हा स्नायू थकला, तरी त्याला रजा देता येत नाही.

मग हृदयच का बदलू नये? ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे डॉ. बर्नार्ड यांनी ते बदलून दाखविले. तीन महिनेही लोटले नव्हते, तोच मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते साहस केले. रोगी काही तासच जगला. पुढे १९९४ साली मेंदूचा मृत्यू हा मृत्यूच होय, हे आपल्या कायद्याने मान्य केले. आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले.

परंतु जुळणारे हृदय मिळेपर्यंत रोग्याने तग कसा धरावा? १९६९ साली अमेरिकेत डॉ. कूली यांनी एका रोग्याला सुमारे ६४ तास कृत्रिम हृदयावर जगविले, व नंतर मानवी हृदय बसविले. आज पुष्कळदा मूळ हृदय तसेच ठेवून त्याच्या जोडीला लहानसा पंप बसवितात. तारेचे एक टोक पोटातून बाहेर येते, विद्युत्‌घट कमरेला असतात. रक्त अखंड वाहत असल्याने मनगटावर नाडी अनेकदा लागतच नाही! घट भारण्यास वीज मात्र हवीच.

हे यंत्र काळ मिळवून देते. हृदय मिळवून देत नाही. काढलेले हृदय साधारणपणे चार तासांच्या आत दुसऱ्या देहात धडधडू लागावे लागते. म्हणून दूरच्या गावच्या रोग्याला केंद्राजवळ बिऱ्हाड करून राहणे भाग पडते. शिवाय, आपली आशा कोणा अनोळखी घराच्या शोकावर अवलंबून आहे, ही जाणीव त्याला छळते. या मनोवेदनेवर औषध नाही.

तरीही तो कोणाच्या मृत्यूची इच्छा करीत नाही. मृत्यू घडलाच, तर त्या घराने होकार द्यावा, एवढेच तो मागतो. तो होकार अतिदक्षता कक्षाच्या दाराशी, दुःखाच्या कल्लोळात द्यावा लागतो. मृताची इच्छा ठाऊक असेल, तर आप्तांचा भार बराच हलका होतो. तेव्हा श्रोतेहो, आपली इच्छा आज रात्री जेवणाच्या पंक्तीत घरच्यांना सांगून ठेवावी, ही विनंती.